बाबांच्या बेंजोचा आवाज

कॉलेजात असताना मला अक्कल जरा जास्तच होती. ती कुठे वापरू नये, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

नाते गावाजवळच्या आमच्या वस्तीत गायन पार्टी होती. काका गायचे, बाबा बेंजो वाजवायचे. आठवडाभर बाबा महाडच्या एमआयडीसीत पिंपं उचलायचे आणि शनिवारी संध्याकाळी बेंजो मांडीवर घेऊन तालमीला बसायचे. आठवड्यात तेवढाच वेळ लोक त्यांचं ऐकत. बेंजो म्हणजे पोलादी तारांची लांबट पेटी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. पण बाबांची बोटं सुजायला लागली होती. पोलादपूरच्या एका कार्यक्रमात नखी दोनदा हातातून निसटली आणि काकांचं तोंड वाकडं झालं.

त्याच सुमारास काकांनी मुंबईहून कुणाचा तरी जुना कीबोर्ड आणला. मी सायन्सला, म्हणून तो माझ्याकडे आला. त्यात बासरी होती, घंटा होत्या, बेंजो नव्हता. मी ठरवलं, बाबांचाच आवाज यात घालायचा, म्हणजे त्यांच्या बोटांना आराम. त्यांना विचारायचं मला सुचलंच नाही. चकित करायचं होतं ना!

त्या कीबोर्डची आवाज घडवायची रीत फिजिक्सच्या सरांनी समजावली. आत दोन लहरी. एक आपल्याला ऐकू येते. दुसरी ऐकू येत नाही, ती फक्त पहिलीला हलवत राहते. हळू हलवलं तर सूर नुसता थरथरतो. सेकंदाला शेकडो वेळा हलवलं की थरथर कळेनाशी होते आणि सुराला धार चढते. दोघींचे वेग दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटीत ठेवले की तारेसारखा आवाज येतो, पट बिघडवली की भांडं पडल्यासारखा. छेडलेली तार आधी झणाणते, मग मऊ होत विझते. म्हणून दुसऱ्या लहरीचा जोर सुरुवातीला भरपूर द्यायचा आणि लगेच उतरवायचा. किती भरपूर आणि किती लगेच, ते कानाने ठरवायचं.

महिनाभर दर रविवारी दुपारी मी बाबांना समोर बसवलं. "बाबा, परत तोच सा वाजवा ना." ते वाजवायचे. मी ऐकून आतल्या खोलीत जायचे, हेडफोन लावून आकडे बदलायचे, वहीत लिहायचे आणि परत बाहेर यायचे. एकच सूर, पन्नास वेळा, सुजलेल्या बोटांनी. एरवी चटकन चिडणारा माणूस, पण तेव्हा एकदाही कंटाळला नाही.

"डावा हात बघ गो," ते म्हणायचे. "उजव्याचं काय, तो आपोआप येतो."

मी डावा हात कधी बघितलाच नाही.

बेंजोची एक खुंटी झिजलेली होती, त्यामुळे एक तार कायम किंचित उतरलेली असायची. तीसुद्धा मी आकड्यांत उतरवली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तालमीत मी तो आवाज वाजवला. काका बाबांकडे वळून म्हणाले, "आता बेंजो नाय आणलास तरी चालंल रे. तू बस निवांत." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

"ब्येस झालाय," बाबा म्हणाले. "ती उतरलेली तारपण घातलीस." त्यांनी बेंजो पिशवीत घातला. मग खिशातून एक नवी नखी काढून कीबोर्डवर ठेवली. जुन्या फणीचा तुकडा घासून माझ्या बोटाच्या मापाची केलेली. "मला वाटलं, तुला शिकायचं हाय. ऱ्हाऊ दे."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. बोटं दुखतात म्हणाले आणि मी ते मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. निदान एकदा तरी पिशवीतून बेंजो काढून त्यांच्यासमोर ठेवायचा होता. इतकंही माझ्याने झालं नाही.

आता बाबा नाहीत, पार्टीही मोडली. मध्यंतरी कीबोर्डच्या आतली बॅटरी संपली आणि साठवलेले सगळे आवाज पुसले गेले. त्याचं मला फार वाटलं नाही. आकडे वहीत होते; अर्ध्या तासात तो आवाज परत आणला, उतरलेल्या तारेसकट.

मग बेंजो मांडीवर घेतला. नखी बोटात अजून नीट बसते. डावा हात कुठे ठेवायचा, ते मला माहीत नाही.