पंपवाला गप्प का झाला

त्या पंपघरातला जळका वास मला आजही आठवतो. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या ठाण्याच्या शिक्क्यावर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. मी, पहिल्याच नेमणुकीवरची बाई फौजदार, औशाकडच्या एका गावात हजर झाले होते. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. नातवंडांनो, तुमच्याकडे नळ उघडला की पाणी येतं. त्या गावाचं सगळं पाणी एका विहिरीवर, एका पंपावर आणि तो चालवणाऱ्या एका माणसावर अवलंबून होतं.

सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "पंप जळालाय. पंपवाल्यानंच घात केला. त्याच्या वस्तीला पाणी शेवटी मिळतंय, त्याचा राग काढला." पंपवाला बौद्ध वस्तीतला होता. वस्ती गावाच्या टोकाला, तिथला नळही शेवटचा. मला ते कारण पटलं. शिपाई पाठवून मी त्याला आणवलं आणि कोठडीत बसवलं. विहीर मी त्यानंतर पाहिली.

पंपघरात जळका वास कोंडला होता. पंपाचा दांडा अडकून बसलेला, मोटार काळी पडलेली. तालुक्याहून आलेल्या फिटरने पंचांसमोर विहिरीतला पाईप वर ओढला. पाईपच्या तोंडाशी कचरा अडवायला लोखंडी जाळी असते. तिच्यावर चिखलाने माखलेलं फडकं होतं. गाळाने फडकं बुजलं, पाणी ओढणं थांबलं आणि पंप कोरडा फिरून जळाला, एवढं मलाही कळलं. "बघा! बोळा कोंबलाय!" पंच ओरडले. मी पंचनामा केला आणि फडकं ताब्यात घेतलं.

चौकशीत पंपवाला सुरुवातीला भरभरून बोलला. "बाईसाहेब, पंपात पाणी भरल्याबिगर म्या कधीच बटण दाबत न्हाई. आत हवा ऱ्हाली की पंप मेला. आज बी भरलं, चालू केला, पाणी चढलं, मग टाकीचा व्हॉल्व्ह खोलाया गेलो. माणूस म्या एकटाच हाय. माघारी येस्तोवर धूर."

"जाळी पाहिली होतीस?"

"रोज बघायची असती. आज न्हाई बघितली. बाया घागरी वाजवून राहिल्या होत्या, घाई केली."

मग मी टेबलावर फडकं ठेवलं. तो एकदम गप्प झाला.

"कबूल झाला समजा," जमादार म्हणाले. मला तसं वाटेना. पुरावा समोर आला की खोटं बोलणारा जास्त बोलतो, नव्या गोष्टी रचतो. हा मात्र फडक्याच्या काठाकडे बघत होता. मीही नीट पाहिलं. लुगड्याचा तुकडा, दुहेरी घडी, उसवलेली कड आत दुमडलेली, वरून नाडीचे तीन वेढे. घागरीच्या तोंडाला गाळणं बांधतात, अगदी तसं. घात करणारा कड कशाला दुमडेल?

बाहेर जमाव वाढत होता. रिकाम्या घागरी आपटल्याचा आवाज आत येत होता. जुना राखीव पंप बसवून झाला होता, पण फिटर तो चालू करायला तयार नव्हता. "ह्याच्या खोडी पंपवाल्यालाच ठाव. हा बी जळला तर मला हितून कोण जाऊ देईल?" टँकर कधी येईल, कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी जमावातून वाट काढत थेट माझ्या टेबलाशी आली. पंपवाल्याची आई.

"फौजदारीणबाई, फडकं माझ्या लुगड्याचं हाय, म्याच बांधलंय. त्याला सोडा."

"आये, गप्प ऱ्हा!" तो कोठडीतून ओरडला.

"तू गप्प बसलास म्हणून तर हितं हाईस!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाणी गढूळ येऊन राहिलं. लेकरं हागवणीनं आडवी पडली. घरोघरी घागरीला फडकं बांधतात, म्हणलं एकदाच मुळाशी बांधावं. समद्या गावाला गाळलेलं जाईल."

"विहिरीत उतरलात?"

"पाणी हाय कुठं उतराया? पायऱ्या संपल्या की जाळी हाताला लागती."

दुष्काळ नसता तर ती जाळी तिच्या हाताला लागलीच नसती.

मी पंपवाल्याला घेऊन पंपघरात गेले. जमाव मागे. त्याने आधी जाळी धुतली, हाताने दांडा फिरवून पाहिला, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि उरलेल्या एकाच पिंपातलं पाणी पंपात ओतायला लागला.

"प्यायाचं पाणी लोखंडाला पाजून राहिलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. दगड उचलल्याचं मला दिसलं. मी दारात उभी राहिले. हातातली काठी आडवी धरली.

पिंप संपलं. पंपाच्या वरच्या तोटीतून अजून बुडबुडेच येत होते.

"आणखी एक घागर पायजे," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. मग सकाळपासून सर्वांत मोठ्याने भांडणारी एक कुणब्याची बाई पुढे आली. तिच्याकडे अर्धी घागर होती. तिच्या घागरीला हात लावावा की नाही, म्हणून तो थांबला.

"घे की! मुहूर्त बघतूस काय?"

त्याने घागर ओतली. बुडबुडे थांबले, तोटीतून सलग धार आली. त्याने तोटी बंद केली, बटण दाबलं. दाबाचा काटा थरथरत वर चढला. तेव्हा कुठे त्याने व्हॉल्व्ह खोलला, थोडा थोडा, कान पंपाला लावून. टाकीकडे मी जमादारांना पाठवलं. पंपवाला पंपापासून हलला नाही. दूरवर नळाशी आरडाओरड झाली. या वेळी ती आनंदाची होती.

प्रकरण मी ‘क’ समरीत बंद केलं, म्हणजे गैरसमजातून घडलेली घटना, गुन्हा नव्हे. अहवालात लिहिलं की त्याने जाळी तपासली नव्हती, आणि दोघांचं काम एकट्यावर टाकलेलं होतं. त्याची नोकरी राहिली.

एक गोष्ट मात्र मी अहवालात लिहिली नाही. विहीर पाहण्याआधी मी एका माणसाला कोठडीत घातलं, आणि त्याला कारण फक्त एवढंच होतं की तो गावाच्या कोणत्या टोकाला राहतो. त्याचा जाळी न पाहिल्याचा दोष मी शाईने लिहिला, माझा तसाच दोष कोरा सोडला. पुढे नोकरीभर आधी जागा पाहिली, मग माणूस धरला. पण ती राहिलेली नोंद राहिलीच होती. ती आज तुमच्यासमोर करते आहे.