त्यांनी चहा पाजला

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा बँकेत नोकरीला होते, पण कुणी ओळख विचारली तर 'कार्यकर्ता' म्हणून सांगायचे. मल्हारगंजातल्या एका छोट्या छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाची ताटं उचलली की आम्ही तिघं चादर अंथरून घड्या घालायला बसायचो. हुंडा घेऊ नका. पत्रिका बघू नका. जात विचारू नका. कागद अर्ध्यात दुमडायचा, नखाने दाबायचा, पुन्हा अर्ध्यात दुमडायचा. शेजारच्या मुली बडबडगीतं म्हणायच्या, मी पत्रकातलं वाक्य म्हणायचे: लग्नाचा निर्णय फक्त त्या दोघांचा, आणि त्यांच्या तोंडचा शब्द शेवटचा. ते वाक्य मला आजही खरं वाटतं. त्याचंच हे सगळं दुखणं आहे.

बाबांच्या घराण्यात कुणीतरी संस्थानच्या फौजेत होतं. त्याचा अभिमान आमच्या नातेवाइकांना अजून पुरतो. आई दलित. त्यांचं ठरलं तेव्हा ही पत्रकं काढणाऱ्या बाबांच्या गटातले दोन वडीलधारे आजोबांसमोर जाऊन बसले, लग्नाची तारीख आणि जागा सांगितली, आमंत्रण दिलं. गटाची रीतच होती तशी. कुणाचंही लग्न घरच्यांच्या पाठीमागे लावायचं नाही. विरोध असेल त्याच घरी आधी जायचं, शिव्या ऐकायच्या, पाणी दिलं तर प्यायचं आणि नमस्कार करून उठायचं. आजोबांनी पितळी तांब्या फेकला होता. लग्न मात्र झालं. पुढे बाबा स्वतः अशा कितीतरी घरी जाऊन आले. कुठे धक्काबुक्की झाली, कुठे अंगावर कुत्रं सोडलं. ते किस्से ते हसत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पण एक लग्न मोडलं नाही."

माझा जो होता, तो शहराबाहेरच्या राऊ गावचा. त्यांची शेती कॉलेजं आणि कॉलन्यांखाली गेली होती आणि दोघं मोठे भाऊ प्लॉटच्या धंद्यात होते. त्यांच्या गाड्यांच्या मागच्या काचेवर जातीचं नाव नंबरप्लेटपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. हा मात्र कॉलेजात शिकवायचा. त्या कॉलेजच्या फाटकावर मी पत्रकं वाटत होते. सगळे घेऊन चुरगाळत होते; त्याने तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं आणि परत येऊन भांडला. तिथून सुरुवात.

पहाडावर जाऊन लग्न करायची कल्पना त्याची. मी उखडलेच. "हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. लग्न म्हणजे फोटो काढायचं निमित्त नाही."

त्याने मोबाइलवर त्याच्या मित्राच्या लग्नाचा फोटो दाखवला. तेही असेच घर सोडून गेले होते. कोर्टाचा व्हरांडा, गळ्यात झेंडूचे हार, बाजूला वकील, आणि दोघांचेही डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, जिन्याकडे.

"देख, ऐसे खड़े हैं जैसे पकड़े गए हों," तो म्हणाला. "मुझे डरा हुआ फोटो नहीं चाहिए यार. एक फोटो हो, जिसमें हम डरे हुए नहीं हैं. बस."

मी मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि विचारलं, "कधी जायचं?"

फोटोग्राफर त्याच्या ओळखीची. आमच्यासारखीच इंदूरची मराठी बाई, बायपासच्या लॉनवरची मोठी लग्नं करायची आणि अधूनमधून अशी दोन-चार माणसांची लग्नं हिमाचलात नेऊन लावून यायची. पहिल्या भेटीत ती आम्हाला गच्चीवर घेऊन गेली आणि जिन्याचं दार लावून घेतलं.

"बघ भिया, मी एकदम साफ बोलते," ती अस्सल इंदुरी ढंगात त्याला म्हणाली. "इथे लग्नाची नोटीस दिली की महिनाभर कचेरीच्या बोर्डावर लागते. त्या बोर्डावरची नावं वाचायला लोक रोज येतात, पेपर वाचल्यासारखे. म्हणून आधी वर जायचं. वकीलबाई माझ्या ओळखीच्या आहेत, कागदाचं त्या बघतील. जगह मी कुणाला सांगत नाही, तुम्ही पण सांगायची नाही. घरचे मान गए असं वाटलं तरी आधी मला फोन."

"आणि कपडे?" मी विचारलं.

"साडी नेसून चढणार असशील तर मला कॅमेरा नको, स्ट्रेचर आणावं लागेल."

तिची कामाची एक पद्धत होती. लग्नाआधी ती एकटी त्या जागेवर जायची, लग्नाच्याच वेळेला, आणि जोडपं जिथे उभं राहणार तिथे आपल्या दोन बॅगा ठेवून फोटो काढायची. ऊन कुठून येतं, मागे काय दिसतं, सगळं त्यात कळतं म्हणाली. "एक बॅग उभी, एक आडवी. आडवी म्हणजे तू," असं म्हणून माझ्या उंचीवर हसली. तोही हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी फार कमी पाहिलं होतं.

मी घरी सांगितलं. आमच्या घरात लपवणं ही शिवी होती.

"पळून?" बाबांनी चष्मा काढला. "आपण काय चोरी केलीये का?"

"त्याचे भाऊ तुमच्या त्या वेळच्या लोकांसारखे नाहीत, बाबा."

"माणूस माणूसच असतो. समोर बसलं की अर्धा राग उतरतो."

आई कणीक मळत होती. "तेव्हाचे शिव्या देऊन दमायचे," ती म्हणाली. "आत्ताचे दमत नाहीत. ग्रुपवर टाकतात, की अजून दहा जण येतात."

बाबांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "ठीक आहे. पहाडावर तर पहाडावर. मी पण येईन, स्वेटर आहे माझ्याकडे." विषय संपला असं मला वाटलं. त्यांच्यासाठी तो सुरू झाला होता.

रविवारी सकाळी ते खादीचा इस्त्रीचा कुर्ता घालून बाहेर पडले. गटातले त्यांचे एक जुने सोबती स्कूटर घेऊन आले होते. मला वाटलं, बैठक असेल. दुपारी परतले तेव्हा चेहरा फुललेला.

"राऊला जाऊन आलो," ते चपला काढता काढता म्हणाले. "उगाच घाबरत होता तुम्ही. काय माणसं आहेत! आत बसवलं. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला. पोहे पण खाऊनच जा म्हणत होते."

आईच्या हातातली परात ओट्यावर आदळली. "चहा पाजला?"

"हो ना. मोठ्या भावाने स्वतः आणून दिला."

"शिव्या नाही दिल्या?"

"एक शब्द नाही."

आई खाली बसली. आयुष्यभर तिने दारं आपटणारी माणसं पाहिली होती. आपटलेल्या दाराला ती कधी घाबरली नाही. या चहाला घाबरली.

"काय काय विचारलं त्यांनी?" मी विचारलं.

"हेच. कब जा रहे हैं बच्चे, कौन सी गाड़ी से, वहाँ ठंड तो नहीं होगी. काळजीने विचारत होते."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"विचारल्यावर खोटं बोलायचं?" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

त्याचा फोन बंद होता. संध्याकाळीही बंद. त्याच संध्याकाळी फोटोग्राफरचा फोटो आला. ती वर पोचली होती. उतारावरचं गवत, मागे बर्फाची एक रेघ, आणि मधोमध तिच्या दोन बॅगा, एक उभी, एक आडवी, दोन्हींवर पिवळं ऊन. खाली लिहिलं होतं: रोशनी एकदम मस्त. या लवकर.

मी तिला फोन करून सगळं सांगितलं.

"पोलीस ठाण्यात जा," ती म्हणाली. "आत्ता जा. त्याला घरात बंद केलंय म्हणून लिहून दे."

बाबा माझ्याबरोबर आले. ठाण्यातल्या माणसाने आधी मला विचारलं, "आप उसकी कौन?" मग म्हणाला, "बालिग लड़का अपने ही घर में है, तो इसमें गुम कौन हुआ?" बाबांनी त्याला कलमं सांगितली. पाठ होती त्यांना. त्याने जांभई देत तक्रार घेतली आणि आमच्यासमोरच राऊला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ते तिघं आमच्या घरी आले. दोन भाऊ आणि मध्ये तो. उकाडा असूनही त्याच्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. मोठा भाऊ वाकून बाबांच्या पाया पडला.

"अंकलजी, आप घर आकर बता गए, बड़ी बात है. आप जैसे लोग अब कहाँ हैं," तो म्हणाला. "तो हमने सोचा, हम भी घर आकर बता दें."

आईने सवयीने पाण्याचे ग्लास आणले. मध्ये बसलेल्या त्याने ग्लास घेतला आणि न थांबता संपवला. आईने पुन्हा भरला. तोही संपवला. आईने तिसऱ्यांदा भरला. दुसऱ्या भावाने "बस" म्हटलं, आणि त्याने भरलेला ग्लास तसाच खाली ठेवला.

बाबा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले, अगदी तसे, जसे ते कितीतरी घरांत बसले असतील. "बेटा, शादी करनी है या नहीं?"

"नहीं करनी."

"ये तेरा अपना फैसला है?"

"जी."

"किसी का दबाव?"

"नहीं."

"भाइयों को बाहर भेजिए, फिर पूछिए," मी ओरडले.

"लो, जा रहे हैं," मोठा भाऊ हसत उठला. दोघं उंबऱ्याबाहेर उभे राहिले, दार सताड उघडं. मोठ्याने मोबाइल वर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि तीच उत्तरं आली. उठताना तो माझ्या जवळून गेला आणि खाली बघूनच म्हणाला, "मम्मी ने खाना छोड़ दिया है. अब कुछ मत करना."

"सुन लिया, अंकलजी?" भाऊ बाहेरून म्हणाला. "आपके पर्चे में भी तो यही लिखा है. लड़के के मुँह की बात आख़िरी." बाबा रविवारी त्यांना पत्रक देऊन आले होते. त्यांनी ते वाचलं होतं. आयुष्यभर आम्ही ज्यांना वाचा म्हणून सांगत आलो, त्यांच्यापैकी कुणी इतकं नीट वाचलं असेल असं मला वाटत नाही.

गाडीचा आवाज गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "तो मोकळा नव्हता."

"मी दोनदा विचारलं ना त्याला."

"त्याला तहान लागली होती, बाबा!"

आई तिसरा ग्लास उचलायला गेली आणि तसाच ठेवून परत आली. रात्रीपर्यंत तो तिथेच होता.

वकीलबाई म्हणाल्या की तो स्वतः नाही म्हणतोय तोवर कोर्टही काही करणार नाही. दिवाळीनंतर बायपासच्या एका लॉनवर त्याचं लग्न झालं. त्या कामासाठी त्याच्या घरचे आधी आमच्या फोटोग्राफरकडेच विचारायला आले होते; तिने कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. नंतर कुणाच्या तरी स्टेटसला तिने फोटो पाहिले. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. "डरा हुआ नाही दिसत," ती म्हणाली. "काहीच नाही दिसत त्याच्यात." मग तिने विचारलं, "ते बॅगांचे फोटो डिलीट करू?"

"नको," मी म्हटलं. "मला पाठवून दे सगळे."

त्यानंतर बाबा कुणाच्या घरी गेले नाहीत. पण लिहिणं त्यांना सुटत नाही. एके दिवशी त्यांनी नव्या पत्रकाचा मजकूर माझ्यासमोर ठेवला, मुद्रितं मीच तपासते म्हणून. आमच्या घरी घडलेल्या प्रसंगावर होतं. भाषा चांगली होती, राग खरा होता. मध्ये एक ओळ होती: 'सदर तरुणाने स्वेच्छेने नकार दिला.'

मी 'स्वेच्छेने' वर काट मारली.

"त्याने तसंच सांगितलं," बाबा म्हणाले. "ऐकलंस ना तू. आपण ऐकलेलं बदलून कसं छापायचं?"

"मग पाण्याचं पण छापा. किती ग्लास प्यायला ते."

बाबांनी कागद परत घेतला, चष्मा लावला आणि त्या काट मारलेल्या शब्दाकडे बघत बसले. आई आतून जेवायला हाक मारत होती. ते उठले नाहीत. त्यांनी तो शब्द पुन्हा लिहिला नाही, आणि पत्रक छापायलाही दिलं नाही. तो कागद अजून त्यांच्या कपाटात आहे, एकदाही न दुमडलेला.