दोनशे लिटरची टाकी

निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत बायको गेली. लातूरच्या घरात दिवसभर कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी एकटाच उरलो. मग एक जुनी बारा सीटची गाडी घेतली, सीटा काढल्या आणि दोन बाकं, ओटा, बेसिन नि कपाटाएवढं न्हाणीघर बसवून घेतलं. गल्लीतले म्हणाले, मास्तरांचं डोकं फिरलं. फिरू दे म्हटलं, तुमचं काय जातंय?

बेसिनखाली चाळीस लिटरची टाकी होती. मला ती चार दिवस पुरायची, कारण मी लातूरचा. आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, आणि एका उन्हाळ्यात तर गावासाठी रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या घरात पाण्याला इयत्ता होत्या. भाजी धुतलेलं पाणी पहिलीतून पास झालं की दुसरीत खरकट्या भांड्यांना, तिसरीत फरशीला आणि शेवटी संडासात. हा कायदा मी जसाच्या तसा गाडीत आणला. ओट्याखाली तीन बादल्या मांडल्या आणि एकट्यानंच काटेकोरपणे पाळत राहिलो.

माझी एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरी करते. मागच्या दिवाळीत ती पहिल्यांदा गाडीत राहायला आली. आम्ही उदगीरला गेलो, किल्ला पाहिला, तिनं ओट्यावर पिठलं केलं. कितीतरी महिन्यांनी मी कुणाशी तरी बोलत जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात केस धुवायला गेली. मी बाहेर बसून पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकत होतो. तो थांबेना. माझं डोकं तापलं. दार बडवून ओरडलो, "बंद कर तो नळ! पाणी काय तुझ्या बापाचं आहे?"

तो बाप मीच, हे तोंडून निघून गेल्यावर लक्षात आलं. तोवर टाकी संपून पंप कोरडाच घरघरायला लागला होता. पोरगी डोक्यावर शाम्पूचा फेस घेऊन, टॉवेल गुंडाळून बाहेर आली. कपडे चढवून तिनं समोरच्या हॉटेलवाल्याकडून बादलीभर पाणी मागून आणलं, केस धुतले आणि बॅग भरली. भांडली असती तर बरं झालं असतं. दुपारी उदगीर स्टेशनवर मी तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. "पोचल्यावर फोन कर," म्हणालो. तिनं मेसेज केला.

परतताना मी सगळा दोष टाकीवर ढकलला. चाळीस लिटर म्हणजे काय टाकी झाली! मोठी बसवू, की येईल पोरगी. दुसऱ्याच आठवड्यात नांदेड गाठलं. तिथं गाड्यांची बॉडी बांधणारा एक मिस्त्री आहे. त्याला सांगितलं, दोनशे लिटरची पाहिजे.

"किती माणसं राहता, सर?"

"दोघं."

त्यानं आत डोकावून पाहिलं. एक ताट, एक पेला, एका बाकावर अंथरूण आणि दुसऱ्यावर जुने पेपर.

"दुसरं माणूस कुठं हाय?"

"येणार आहे," मी म्हणालो, आणि उगाचच पेपर आवरायला लागलो.

"दोनशे लिटर म्हंजे दोनशे किलो वजन, सर. एका अंगाला ठेवलं तर गाडी झुकती. मधोमध, तळाला बसवू. आतून आडवे पत्रे मारून देतो, न्हाईतर ब्रेक मारला की सगळं पाणी पुढं धावतंय. लई मोठी होतीय बघा, अजून विचार करा."

विचार झाला होता. तीन दिवसांत टाकी बसली. पाण्याची पातळी दिसावी म्हणून ओट्याजवळ एक पारदर्शक नळीही लावून घेतली. टाकी काठोकाठ भरली आणि तिथूनच मुलीला फोन केला. "दोनशे लिटर!"

"बरं झालं, बाबा. सुट्टी मिळाली की बघते."

हिवाळाभर मी लोह्याकडे, अहमदपूरकडे एकटाच हिंडलो. नळीतलं पाणी पाच दिवसांत जेमतेम चार बोटं उतरायचं. पूर्वी पाणी संपायची काळजी असायची, आता ते न संपणारं पाणीच खायला उठायचं. पाणी शिळं झालं की टाकी रिकामी करावी लागे. लातूरच्या माणसानं दीडशे लिटर पाणी रस्त्याकडेच्या बाभळीला घालायचं म्हणजे पापच. तरी घालायचो आणि पुन्हा ताजं भरून ठेवायचो. न जाणो, तिचा फोन आला तर!

मार्चमध्ये तिचा फोन आला. दोन दिवसांसाठी येते म्हणाली. मी लातूर स्टेशनवर अर्धा तास आधीच जाऊन उभा राहिलो. ती उतरली. खांद्याला बॅग आणि दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन.

"हे काय गं?"

"माझं पाणी," ती म्हणाली. स्वरात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे मुक्काम केला. सकाळी ती पायरीवर बसून कॅनमधल्या मगभर पाण्यात तोंड धुवायला लागली.

"आत बेसिनवर धू की. भरपूर आहे."

"असू द्या, बाबा. आणलंय मी."

मला माफी मागायची होती. पस्तीस वर्षं शिकवलं, पण हा शब्द मला कधी उच्चारताच आला नाही. मी आत जाऊन बेसिनचा नळ पुरता सोडला आणि तसाच वाहू दिला. ती उठून आली. दोघंही धारेकडे बघत राहिलो. मग तिनं हात पुढं करून नळ बंद केला.

"नको, बाबा. नळ सोडला की मला अजून कुणीतरी दार बडवल्यासारखं होतं."

मी ओट्यावर पातेलं काढलं. विचारलं, "चहा ठेवायचा का?"

"हो," ती म्हणाली, आणि स्वतःच्या कॅनमधलं दोन कप पाणी मोजून तिनं पातेल्यात ओतलं.