बारा टक्के कशावर?

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना अख्खं गिरगाव लोटत होतं, त्या दिवसांत आईचे मावसभाऊ आमच्या चाळीत वरचेवर येऊ लागले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. वडील नुकतेच कारकुनीतून निवृत्त झाले होते आणि फंडाची रक्कम हातात आली होती.

"मुंबई आपली म्हणून घसा फोडायचा आणि गिरण्या मात्र दुसऱ्यांच्या? शेअर घ्या, भावोजी. दहा टक्के लाभांश देते ही गिरणी!"

शंभराच्या दर्शनी किमतीचा एकेक शेअर वडिलांनी अडीचशेला घेतला, फंडाची सगळी रक्कम त्यात गेली. दोन वर्षांत भाव सव्वाशेवर आला. माझं कॉलेज सुटलं आणि मी फोर्टात एका शेअरदलालाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले.

तिथल्या म्हाताऱ्या पारशी हेडक्लार्कना मी एकदा हे सांगितलं. त्यांनी गिरणीचा ताळेबंद काढून माझ्यापुढे ठेवला.

"दहा टक्के शंभरावर, पोरी. तुझ्या बापाने मोजले अडीचशे. मग त्याला पडले किती?"

"चार टक्के."

"आणि एका शेअरमागे नफा किती?"

आठ रुपये. गिरणी कमवत होती आठ आणि वाटत होती दहा. वरचे दोन जुन्या शिलकीतून. असे शेअर गळ्यात मारणाऱ्याला दलाली मिळते, हेही मला त्याच दिवशी कळलं. घरी मी अवाक्षर काढलं नाही. मामांची वाट बघत राहिले.

एका रविवारी त्यांनी चाळीतल्या बिऱ्हाडकरूंना खाली जमवलं. आता दुसरी गिरणी होती. शेअर शंभराचाच, भाव तीनशे, लाभांश बारा टक्के. तिचं नाव आईकडून कानावर आल्यावर तिचा ताळेबंद मी कचेरीत आधीच पाठ केला होता. मामांना मी पोटभर बोलू दिलं. मग विचारलं, "मामा, बारा टक्के कशावर?"

"पोरींनी यात पडू नये," ते हसले.

चाळीच्या सूचनाफळ्यावर मोर्चाची सूचना होती. तिच्याखाली मी खडूनं लिहिलं: बारा भागिले तीनशे, म्हणजे चार टक्के. मग शेअरमागे नफा नऊ, वाटप बारा. लोक पुढे सरकून वाचू लागले. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांनी काढलेलं पाकीट परत खिशात घातलं.

मी खडू मामांपुढे धरला. "तुमची दलाली किती? तेवढं तुम्हीच लिहा."

त्यांचे कान लालबुंद झाले. "घरच्या माणसाची अशी अब्रू काढतेस?"

"बाबांना फसवताना तुम्ही घरचे नव्हतात का?"

ते तडक निघून गेले. आमच्या चाळीचा जिना पुन्हा कधी चढले नाहीत, आणि त्या गल्लीत त्यांचा एकही शेअर खपला नाही. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

वडील त्या दिवशी उशिरापर्यंत फळ्यासमोर उभे होते. "इतका सोपा भागाकार," ते म्हणाले, "मला का नाही सुचला?"

मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. वाईट वाटतं ते फक्त बाबांच्या त्या प्रश्नाचं.