चारशे बारा गिऱ्हाइकांची मापं

औषधांच्या दुकानामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे दोन मशीनं, मध्ये कापायचं टेबल आणि मागच्या कोपऱ्यात जाड निळ्या पडद्याआड माप घ्यायची जागा, जेमतेम एक माणूस उभं राहील आणि दुसरं त्याच्याभोवती फिरेल एवढी. गिऱ्हाइकं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे टाचणी. अंगानं काटकुळी, बोलणं टोचणारं आणि ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे नावात खोट काढायला जागा नव्हती. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

शिवण ती एकोणिसाव्या वर्षी एका कोट शिवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे शिकली. पहिलं वर्षभर त्यानं तिला मशीनला हात लावू दिला नाही, नुसती मापं घ्यायला लावली. माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि आकडा मोठ्यानं उच्चारायचा नाही, एवढं त्यानं बजावून ठेवलं होतं. कोणाचा एक खांदा पडलेला असतो, कोणाचं पोट सुटलेलं, कोणी दोन महिन्यांत निम्मं झालेलं. पडद्याआड दिसलेलं बाहेर न्यायचं नाही, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं की तो नियम आहे हेही ती विसरून गेली.

तीन वर्षांपूर्वी इस्त्रीचं पाणी सांडून मापांची वही भिजली आणि अर्ध्या आकड्यांचा लगदा झाला. तेव्हा जावयानं तिच्या फोनमध्ये एका बड्या कंपनीचं अ‍ॅप घालून दिलं, फुकटातलं. त्यात गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, पुढून आणि बाजूनं एकेक फोटो, मापं, आणि खाली हवं ते लिहायला जागा. कपडा तयार झाला की निरोप आपोआप जायचा. नवऱ्याची धाकटी बहीण दुकानात काज-बटणं करायची. ती म्हणाली, "वहिनी, तिसरी बाई कामाला ठेवल्यासारखं झालं की. आणि ही चहाही मागत नाही."

मधूनमधून अ‍ॅप उघडलं की नव्या अटींचं पान यायचं. खाली ठळक हिरवं बटण, ‘मान्य आहे’. त्याच्याखाली फिकट, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘नंतर बघू’. इकडे ओठांत टाचण्या, हातात कात्री, समोर ताटकळलेलं गिऱ्हाईक. ती अंगठ्यानं हिरवं बटण दाबायची आणि कामाला लागायची.

ग्रंथालयातल्या बाई दहा वर्षं तिच्याकडे येत होत्या. आदल्या वर्षी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा डावा स्तन काढावा लागला. टाचणीनं त्यांच्या प्रत्येक कपड्याला आतून अस्तराचा मऊ खिसा शिवून दिला आणि त्यात बसेल अशी हलकी गादी बनवली. दोन्ही बाजू सारख्या दिसायला चार ट्रायल लागल्या. चौथ्या वेळी आरशात बघून बाई नुसत्या टाचणीचा हात धरून उभ्या राहिल्या. ही गोष्ट डॉक्टर, बाईंची बहीण आणि टाचणी सोडून कोणाला ठाऊक नव्हती.

एका दुपारी बाई रिकाम्या हातानं आल्या आणि थेट पडद्याआड गेल्या. टाचणी मागोमाग गेली.

"ताई, राग मानू नका. माझ्याबद्दल कोणाकडे काही बोललात का?"

"नाही. का हो?"

बाई आदल्या दिवशी एका सहकाऱ्याला फोनवर पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवत होत्या. मध्येच जाहिरात आली: ऑपरेशननंतर कपड्यांत घालायच्या गाद्या, डाव्या, उजव्या, हव्या त्या मापाच्या. सहकाऱ्याची नजर क्षणभर खाली उतरली, आणि ती बाईंना दिसली.

‘नाही’वर थांबली असती तर ते खोटं ठरलं नसतं. "मी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण लिहून ठेवलंय. फोनमध्ये, तुमच्या मापांखाली."

तिनं दाखवलं. ‘डावीकडे गादी, आतून खिसा. ऑपरेशन.’ बाईंनी ते दोनदा वाचलं, "बरं," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रविवारी जावई घरी आला तसा तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला आणि अटी वाचून दाखवायला सांगितल्या. त्यानं तासभर वाचलं. कितव्यातरी पानावर होतं की ग्राहकानं भरलेली माहिती ‘भागीदार संस्थांना’ देता येईल.

"जाहिरात यातूनच गेली असं नाही म्हणता येत, आई. ते कंपनीलाच ठाऊक, आणि ती सांगणार नाही."

"पण मी हो म्हटलंय."

"सगळेच म्हणतात. वाचतं कोण? इतक्या बारीक अक्षरांत लिहितात, ही लबाडी त्यांची आहे."

"त्यांची आहेच. पण टेप माझ्या हातात होती ना, जावईबापू? माणसं पडद्याआड उभी राहिली ती माझ्या भरवशावर. त्यांच्या वतीनं हो म्हणणारी मी कोण?"

मापं उतरवून ठेवायला कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आणि कुलपाची पत्र्याची पेटी जावयानंच आणून दिली.

पुढचे दोन रविवार दोघी नणंद-भावजया चारशे बारा गिऱ्हाइकांची मापं हातानं उतरवत बसल्या. एका गृहस्थांच्या कंबरेचा आकडा नणंदेनं खिदळत मोठ्यानं वाचला, तेव्हा टाचणीनं तिच्याकडे असं बघितलं की उरलेल्या वेळात ती नुसता फोन पुढे धरत राहिली. शिवायला जेवढं लागतं तेवढंच टाचणीनं कार्डावर घेतलं. मग तिनं रोज थोडे थोडे असे सगळ्यांना फोन केले. तुमची मापं आणि फोटो अमक्या कंपनीकडे होते, मी न वाचता होकार दिला होता, आता काढून टाकतेय. हे एकच वाक्य, पण पहिल्या दहा जणांपाशी तिची जीभ अडखळली. तिला वाटलं होतं, निम्मी गिऱ्हाइकं तुटतील. बहुतेकांनी ‘एवढंच ना’ म्हटलं. एक जण हसून म्हणाला, "ताई, माझं सगळं आयुष्यच त्यांच्याकडे आहे, कंबर काय घेऊन बसलात?" एका आजींनी उलट तिलाच अर्धा तास धीर दिला. कपडा तयार झाल्याचा निरोप आता आपोआप येणार नाही म्हणून दोघे तेवढे दुसरीकडे गेले.

खातं बंद करायचं बटण सहा पानं आत होतं. ‘खरंच जायचं आहे?’ असं अ‍ॅपनं तीनदा विचारलं. तिनं तिन्ही वेळा चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं आणि हो म्हटलं. महिन्याभरानं कळवू, असं उत्तर आलं.

तो महिना सरता सरेना. बाईंना फोन लावला तर तो लागत नव्हता, म्हणून एकदा ती स्वतः ग्रंथालयात जाऊन काय केलं ते सांगून आली. बाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

एकतिसाव्या दिवशी निरोप आला: माहिती कायमची काढून टाकली आहे. "खरं कशावरून?" नणंद म्हणाली. ते टाचणीलाही सांगता आलं नसतं. पण आपल्या हातात होतं तेवढं झालं होतं. त्या दुपारी कित्येक दिवसांनी तिला जेवणाची चव लागली.

त्याच आठवड्यात बाई आल्या, हातावर नवा कोट टाकून. पडद्याआड गेल्यावर म्हणाल्या, "ताई, मलाही एक सांगायचंय. ऑपरेशननंतर दोन महिने मी रोज माझ्या फोनवर त्या गाद्याच शोधत होते. तेव्हा आठवलं नाही, तुमच्यावर आळ घेतला. मग तोंड दाखवायची लाज वाटली."

टाचणीचा जीव भांड्यात पडला. ती स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली. बाईही हसल्या. बाहेर नणंदेनं मशीन थांबवून कान टवकारले.

"मग उगाच एवढा खटाटोप केलात," बाई म्हणाल्या.

"उगाच कसा? बरं झालं ते. आता मला कोणी विचारलं तर ‘पडद्याबाहेर काही जात नाही’ असं सरळ सांगता येतं." तिनं कोरं कार्ड काढलं; बाईंचं तेवढं त्यांना विचारल्याशिवाय उतरवलं नव्हतं. "तुमचं लिहू का नको? नको तर डोक्यात ठेवते."

"लिहा. पण मी सांगते ते शब्द लिहा."

"सांगा."

"मापं लिहा, आणि खाली लिहा, ‘नेहमीसारखं’."

टाचणीनं तसंच लिहिलं, कार्ड उपडं ठेवलं आणि टेप बाईंच्या खांद्याला लावली.