गावच्या पंगतीला मी मीठ वाढलं

मी मीठ वाढलं आणि पंगत उठली.

अकरा माणसं होती. सगळी गावातली. आधी पाटील उठले. हातातला घास त्यांनी पत्रावळीत टाकला, धोतराचा सोगा सावरला आणि उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळे. कुणी ओरडलं नाही. मी मिठाचा द्रोण धरून तशीच वाकलेली. माझ्यासमोर पानं होती आणि पानांपुढं माणसं नव्हती.

"कुनाची पोरगी ही?" पाटलांनी विचारलं.

त्यांना माहीत होतं. लहानपणापासून त्यांच्या खळ्यावर राबलेली मी.

बा धावत आला. "माझी हाय, मालक."

"हिला वाढायला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई, मालक. चुकलं तिचं."

लग्न माझ्या भावाचं, सखारामाचं होतं. मी एकवीस-बावीसची असेन. नवऱ्यानं टाकलेली, बाच्या घरी राहणारी. तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा. नदीला पाणी नव्हतं म्हणून लग्न नदीतच लावलं. वाळू सपाट, काठाला करंजाची सावली, आणि खड्डा खणला की स्वयंपाकापुरतं पाणी झिरपायचं. आमच्या महारवाड्यात तेवढी जागाही नव्हती आणि पाणी तर नव्हतंच.

चुली दोन होत्या. एक वरच्या अंगाला, गावासाठी. तिथं गावातलाच, त्यांच्या जातीचा आचारी आणला होता. भांडी पाटलांच्या वाड्यातून आलेली. गव्हाची लापशी, भात, तुरीचं वरण. आम्ही त्या चुलीपासून लांब राहायचं. लाकडं टाकायची तीसुद्धा लांबून. दुसरी चूल खालच्या अंगाला, आमच्या लोकांसाठी. नदी कोरडी होती, तरी वरची बाजू त्यांची.

खालच्या चुलीवर मी होते. रेशनची लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, आणि हुलग्याची आमटी. त्या काळात आम्हाला तेवढंच परवडायचं. मिलोच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा नसतो, भाकरी थापताना फाटते. मी उकळत्या पाण्यात पीठ मळायचे, म्हणजे धरून राहायचं. पहाटेपासून भाकरी थापत होते. नवरीकडच्या पोराबाळांना मी आधीच वाढलं होतं. लापशीचा गहू मात्र बानं दोन महिने साठवला होता. दुष्काळी कामावर मजुरीत मिळालेला गहू. आई म्हणायची, मूठभर तरी काढा, पोरं मागत्यात. बा काढू द्यायचा नाही. गाव जेवून गेलं की लग्न झालं, असं तो म्हणायचा.

त्या दुपारी मी करंजाखाली ठेवलेली आमची परात आणायला वर गेले होते. पंगतीच्या शेवटाला एक म्हातारा बसला होता. "मीठ आना रे," तो म्हणाला. आचारी भात काढत होता. वाढपी तूप आणायला गेलेला. म्हातारा परत म्हणाला, "वरन अळनी हाय. मीठ आना." मिठाचा द्रोण माझ्या पायाशीच, दगडावर होता. सकाळपासून वाढत होते, हाताला तेच वळण. मी द्रोण उचलला, म्हाताऱ्याच्या पानात मीठ सोडलं. त्यानं वर बघितलंही नाही, वरणात बोट घालून कालवलं. मग शेजारच्या पानात सोडलं. मग पाटलांच्या.

एवढंच.

बानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि पाटलांच्या पायाशी वाळूत ठेवलं. मी बघत होते. मला काही वाटलं नाही. हे खरं सांगते. लोक विचारतात, तेव्हा तुला राग आला असेल ना? नाही आला. अंग कुणा दुसऱ्याचं असावं तसं झालं होतं.

"अन्न बाटलं," पाटील म्हणाले. "हे आता तुमीच खा."

मग जाता जाता थांबले. "उद्या सकाळी हिला घिऊन ये. जे जे उठलं त्यांच्या दारापुढं. हात जोडून चुकलं म्हनायचं. मस्टरवर नावं कोन घालतंय, म्हाईत हाय न्हवं?"

माहीत होतं. पाझर तलावाच्या कामावरचा मुकादम त्यांचा पुतण्या, हजेरीपट त्याच्याच हातात. आमचा सगळा वाडा त्या कामावर जगत होता.

ते गेले आणि आमची माणसं वर आली. आधी पोरं. मग बाया. मग सगळेच. लापशी, भात, वरण, तूप. कित्येक महिन्यांत कुणी तूप पाहिलं नव्हतं. माझी आत्या हातावरचं तूप चाटत म्हणाली, "बरं झालं बाई, पोरांच्या तोंडी तरी लागलं." तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. नवरी हळदीच्या हातांनी जेवत होती. सखारामही जेवला. सगळे पोटभर जेवले. बा जेवला नाही. मीही नाही. मी खाली जाऊन माझी मिलोची भाकरी खाल्ली. तीही संपवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बा पुढं, मी मागं. अकरा माणसांची घरं सात. पहिल्या दारापुढं मी हात जोडले. "चुकलं," म्हटलं. आतून कुणीतरी "बरं" म्हणालं. दुसऱ्या दारापुढं म्हटलं. तिसऱ्या. चौथ्या घरी माणूस नव्हता, तर बा म्हणाला, "थांब, येऊ दे त्यान्ला." थांबलो. ऊन चढलं. तो आला, मी म्हटलं, तो आत गेला. शब्द तोंडातून निघत होता, पण त्याला काही अर्थ उरला नव्हता. खडी फोडताना हात चालतो तसं तोंड चालत होतं.

सहावं घर त्या म्हाताऱ्याचं. तो ओट्यावर झोपला होता. त्याची बायको बाहेर आली. तिला कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही.

"काय चुकलं ग बाई?" तिनं विचारलं.

"मीठ वाढलं. पंगतीत."

"आनि?"

मी थांबले. आणखी काय, ते मी शोधत होते. तीही शोधत होती, माझ्या तोंडाकडं बघत.

"आनि काही न्हाई," मी म्हटलं.

 तिनं खाली बघितलं आणि ती आत गेली. दार लोटून घेतलं.

तिथून पाटलांच्या वाड्यापर्यंत चाळीस-पन्नास पावलं असतील. त्या पन्नास पावलांत माझं अंग परत माझं झालं. कसं, ते मला सांगता येत नाही. फक्त एवढं कळत होतं की त्या बाईनं गुन्हा विचारला होता आणि तो सापडला नव्हता. तिलाही नाही, मलाही नाही.

पाटील ओट्यावर चहा पीत होते. शेजारी तिघं-चौघं बसलेले. मुकादमही होता.

"बोल," पाटील म्हणाले.

मी हात जोडले नाहीत. "मी मीठ वाढलं," मी म्हटलं. "चुकलं न्हाई."

"काय म्हनलीस?"

"चुकलं न्हाई. त्यांनी मागितलं, मी वाढलं."

बानं तिथंच माझ्या थोबाडीत मारली. त्यांच्यासमोर. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला मारलं. "म्हन," तो म्हणाला. "म्हन ग बाई, पाया पडतो तुझ्या."

मी म्हटलं नाही.

पाटलांनी बशीतला चहा संपवला. "उद्यापासून ह्यांच्या घरचं कुनी कामावर दिसता कामा नये," ते मुकादमाला म्हणाले. आवाज चढवला नाही.

तसंच झालं. बा, आई, सखाराम, मी, सगळ्यांची नावं गेली. आम्ही तिसगावच्या पलीकडं रस्त्याच्या कामावर गेलो, दिवसभर चालत, डोक्यावर भांडी घेऊन. नवीन नवरीही. तिच्या हाताची हळद अजून गेली नव्हती. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा पाटी उचलून देताना म्हणाली, "वन्सं, माझ्या लग्नात व्हायला नको हुतं हे."

"व्हय," मी म्हटलं. "तुझ्या लग्नाच्या आधीच व्हायला पायजे हुतं."

बा मात्र माझ्याशी बोलायचा नाही. वर्षभर नाही.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. आम्ही गावी परतलो. चुलत्याच्या पोरीचं लग्न ठरलं. जाणती माणसं बसली. चुलता म्हणाला, "गावासाठी आचारी बघाया पायजे."

मी दाराशी होते. बायांनी बोलायचं नसतं तिथं मी बोलले. "गावाला बोलवा. पन चूल एकच पेटंल. मी रांधीन, मीच वाढीन. बसायचं त्यानं आपल्या पंगतीत बसावं."

"आन कुनीच आलं न्हाई तर?" चुलता म्हणाला.

"तर आपन जेवू."

सगळे बाच्या तोंडाकडं बघायला लागले. बा म्हणाला, "ती म्हनती तसं करा."

लग्नाच्या दिवशी गावातून कुणी आलं नाही. बा मांडवाच्या तोंडाशी उभा राहून वाटेकडं बघत होता. दुपार कलली. पोरं भुकेजली. बायका हळूच माझ्याकडं बघायला लागल्या. मी बाजवळ गेले, त्याच्या हाताला धरलं, त्याला आणून पहिल्या पानावर बसवलं आणि वाढायला घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या कुठल्याच कार्यात गावाची वाट बघत पान थांबलेलं नाही. मी जिवंत आहे तोवर थांबणार नाही.