दार लावून केलेला नमस्कार

माझ्या खोलीत एक होणारा राजा राहत होता, असं मी गावात सांगितलं की लोक म्हणतात, "थापा मारू नको." थापा कशाला मारू? दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पात आमची दोन खाटांची खोली. एका खाटेवर मी, चिपळूणकडचा पाईप फिटर. दुसऱ्या खाटेवर नायजेरियाचा, योरुबा जमातीचा एक वेल्डर, असा उंच की पाय खाटेबाहेर लोंबायचे. त्याचं इंग्रजी धावतं, माझं लंगडं. अडलं की दोघंही मधे अरबी कोंबायचो आणि मजेत भांडायचो.

तो राहायला आला त्याच आठवड्यात मी अंघोळ करून खोलीत शिरतो तर काय, गडी जमिनीवर पालथा! मला वाटलं, गेला, ऊन लागलं याला. हातातल्या बादलीत उरलेलं पाणी धाडकन डोक्यावर ओतलं. तो बोंबलत उठला. कानाला मोबाईल! पलीकडे त्याचे थोरले चुलते बोलत होते, आणि त्यांच्यात थोरल्यांना नमस्कार करायचा तो असा आडवं पडून.

"अरे शहाण्या, फोनवर त्यांना तू दिसतोस का?" मी विचारलं.

"उभा राहून बोललो तर त्यांना आवाजावरून कळतं, ब्रदर," तो गंभीरपणे म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, तेव्हा कुठे त्याला पुन्हा कंठ फुटला.

तेव्हापासून चुलत्यांचा फोन आला की तो आधी दार लावायचा, मग पडायचा. स्वतः पाच वेळा नमाज पढणारा माणूस. या मुलखात पडायचं ते फक्त अल्लापुढे; माणसापुढे पडलेलं कुणी पाहिलं तर नसती पंचाईत. "नमाज वेगळी, हे घरचं," म्हणायचा. मी वयानं मोठा म्हणून मलाही सकाळी वाकून जमिनीला बोटं टेकवायचा. पुरतं आडवं मात्र मी त्याला कधी पडू दिलं नाही. म्हटलं, मी काय देव आहे?

चुलत्यांचे फोन यायचे ते कोर्टाच्या केसपायी. त्यांच्या गावची गादी दोन घराण्यांत आळीपाळीनं फिरते. आता पाळी यांच्या घराची. चुलते म्हातारे, म्हणून घरच्यांनी याचं नाव पुढे केलं. तर दुसरं घराणं कोर्टात म्हणे, यांचा आजोबा मुळात या घराचा नव्हेच, आईबरोबर आलेलं पोर होतं ते! म्हणजे गादी राहिली बाजूला, आजोबाच परका ठरायला निघाला. चुलते त्या आजोबांचे सख्खे पुत्र. आपला बाप याच घरचा होता, एवढं कोर्टाच्या तोंडून ऐकायचं आणि मग खुशाल डोळे मिटायचे, हा त्यांचा ध्यास. वडील लवकर गेल्यावर याला त्यांनीच वाढवलेला. त्यामुळे यालाही गादीपेक्षा चुलत्यांचीच काळजी. दर फोनला आधी विचारायचा, "खोकला कसा आहे?"

मला हे ऐकून हसूच फुटलं. आमच्या गावात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन भावक्या कोर्टात गेलेल्या. निकाल लागेपर्यंत देव कुलपात आणि शिमगा पालखीवाचून! मी त्याला म्हटलं, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." तो म्हणाला, "बरोबर. पण तुझ्या आजोबाला कुणी असं म्हटलं असतं तर?" मी म्हटलं, "तंगडं मोडलं असतं!" "बघ," तो म्हणाला, "आम्ही तरी वकील केला."

एका शुक्रवारी जेवणाआधी फोन वाजला. यानं दार लावलं, आडवा झाला. जरा वेळानं एकदम उठून बसला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, हरले.

"जिंकलो," तो म्हणाला. "आजोबा आमचे. कोर्ट म्हणालं."

"अरे मग रडतोस काय मेल्या?"

"चुलते तिकडे जमिनीवर पडलेत. माझ्यासाठी. म्हणतात, आता मी पडायचं, तू नाही."

आणि हा पुन्हा पालथा! म्हणे, अजून राजाचा टोप डोक्यावर चढला नाही, तोवर मीच लहान. तिकडून म्हातारा उठेना, इकडून हा उठेना. शेवटी मीच फोन हिसकावला आणि शुद्ध मराठीत ओरडलो, "काका, उठा आता, कंबर धरेल!" त्यांना काय कळलं कोण जाणे, पण पलीकडून असं खदखदून हसू आलं की खोकला लागला.

मग कफीलनं, म्हणजे तिथल्या मालकानं, परत जायचे कागद दिले आणि तो कायमचा निघाला. त्या सकाळी त्यानं निळा पायघोळ झगा कडक इस्त्री करून घातला होता. सामान बसमध्ये गेलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत "यल्ला, यल्ला" ओरडत होता. तर हा परत आत आला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, काही विसरला.

"ब्रदर, टोप चढला की मला कुणापुढे पडता येणार नाही," तो म्हणाला. "आईपुढेही नाही. चुलत्यांपुढे तर नाहीच, ते आता पडूच देणार नाहीत."

आणि मी काही बोलायच्या आत माझ्यासमोर लांबलचक आडवा झाला. मी पाणी ओतलं होतं, बरोबर तिथेच. या खेपेला मी त्याला अडवलं नाही. डोक्यावर हात ठेवला आणि घरच्या पोराला म्हणावं तसं म्हणालो, "औक्षवंत हो, बाबा."

उठला तेव्हा झग्याला पुढून सगळी धूळ लागलेली. मी झटकायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला, आणि दार उघडून तसाच बसकडे गेला.